तिसरं ठाणं

तिघरा धरणाच्या अलीकडे, बंद पडलेल्या दगडखाणीत
रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण जमतो.
पौष. धुकं अजून खाणीच्या तळाशी बसलेलं,
उठायचं मनात नाही त्याच्या.
पुलंदर यंत्रात नारिंगी चकत्या रचतो,
मधूनच बोटं काखेत शेकतो.
आम्ही "पुल" ओरडतो
ते त्याला स्वतःचंच नाव वाटतं, घाईत अर्धं राहिलेलं.

पहिली दोन ठाणी जमतात मला.
तिसऱ्यावर घोडं अडतं.
तिथली चकती डावीकडून, बाभळीच्या शेंड्यावरून निघते,
तिरपी जाते, मध्येच दम सोडते
आणि काठाआड उतरते
उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकासारखी.

भदौरिया फौजेतून सुटले त्याला अकरा वर्षं झाली,
मफलर अजून हिरवाच.
मागे उभे राहून एकच शब्द टाकतात:
"पीछे."
पुन्हा, "पीछे."
नऊ चकत्या, नऊही वेळा मागून.
माझे छर्रे तिथे पोचतात
जिथे ती नुकतीच होती.

मी घड्याळं दुरुस्त करते, दौलतगंजात,
बाबांच्या गाळ्यात, एकोणतीस वर्षं.
उजव्या डोळ्यावर भिंग, डावा मिटलेला.
हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच विचारलं,
"बाईं आँख कौन मूँद देता है आपकी?"
तो मिटतो हेच मला ठाऊक नव्हतं.
भाजी निवडतानाही मिटत असेल. देवासमोरही.

मग पाय.
पाय बाभळीकडे नकोत,
जिथे फोडायचीय तिकडे रोवा,
आणि कमरेतून मागे वळून तिची वाट पाहा.
दस्ता गालाला भेटायला येतो, गाल दस्त्याकडे जात नाही.
नळीवरचा मणी बघू नका. आहे तो, असू दे.
चकतीसुद्धा अख्खी नको, तिची पुढची कड.
आणि दम सोडला तिने, की कडेच्याही खालचं पोट.

पण किती पुढे? वीतभर? दोन हात?
मोजलंत की थांबलात, थांबलात की मागे.
घोडा ओढल्यावरही नळी चालू राहू दे,
बस सुटून गेली तरी
सोडायला आलेल्याचा हात हलत असतो ना, तसा.

मला पटेना.
माझा धंदा बरोबर उलटा.
थांबलेलं उघडायचं, चालणारं थांबवून उघडायचं.
पळत्या काट्याला कोणी हात लावत नाही.

दहावी.
डावा डोळा उघडा, थंडीनं पाणावलेला.
आधी दोन नळ्या दिसल्या, मग एकही नाही,
नुसती एक नारिंगी रेघ, उतरत चाललेली.
खांद्याला धक्का. कानात शिट्टी.
चकती काठाआड गेली, जवळजवळ धडधाकट,
पण नखाएवढी एक कपची तिच्यापासून सुटून
हवेत स्वतःच्या गिरक्या घेत राहिली.
पुलंदरनं बोट वर केलं.
"टुकड़ा भी टुकड़ा है," भदौरिया म्हणाले, "लिखो."

अकरावी मागून. बारावीही.
तेरावी मात्र पुढून गेली,
चकतीच्या चांगली हातभर पुढून,
आणि ते पहिल्यांदाच हसले:
"चलो, बीमारी तो बदली."

सोमवार. एक लेडीज घड्याळ, बारीक,
पट्ट्याला अजून हळदीचा वास.
भिंग लावलं. डावा डोळा सवयीनं मिटायला निघाला,
त्याला मिटू दिलं नाही.
सगळं दुहेरी झालं, डोकं भणभणलं,
मग हळूहळू तोलचक्र एकटं उरलं, टिकटिकत,
आणि भिंगाबाहेर, अगदी कडेला, रस्ता.
समोरच्या बाजूनं खासगीवाले मास्तर निघाले होते,
दिवाळीपासूनचे साडेतीनशे बाकी,
मान खाली, चाल जरा जास्तच भरभर.

मी हाक मारली.
ते होते तिथे नाही,
दोन पावलं पुढे.